आयांचं म्हणणं

तंजावर, मेलराजवीथी
४ मे २०२५

चि. विनुता हिला मामाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग.

आजपासून अग्निनक्षत्र लागलं, म्हणजे इथले सगळ्यांत कडक उन्हाचे दिवस. तुझी मामी सकाळपासून जमिनीवर ओलं फडकं टाकून त्यावर पाय ठेवून बसली आहे आणि सगळ्या जगाला दोष देते आहे, त्यात मुख्यतः मला. तिचा गुडघा बरा आहे. माझी साखर बरी आहे, असं मी म्हणतो. डॉक्टर वेगळं म्हणतात.

तुझे चार निरोप फोनवर आले. उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. अंगठ्यानं लिहिणं मला जमत नाही. आप्पांनी मला ही मराठी अक्षरं पाटीवर हात धरून शिकवली. या गल्लीत आता ती वाचणारे आम्ही दोघेतिघेच उरलो, आणि पुण्यात राहून तू वाचतेस, तर तुला कागदावरच लिहितो.

सभा छान झाली. मुलं शाळा का सोडतात ते बघायला चेन्नईहून सरकारी समिती आली होती. अध्यक्षबाई शांत स्वभावाच्या वाटल्या. आणि समितीचा सचिव कोण असावा? आपला गुरुराज. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारा, तोच. सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला त्यानं मला. मामीला सांगितलं तर म्हणते, "शेवटच्या बाकावरचेच मोठे होतात, तुमचे पहिल्या बाकावरचे अस्के, एकूण एक, बँकेंत अहेत."

ओरत्तनाडु रस्त्यावरच्या वस्तीतल्या बायका नटूनथटून आल्या होत्या. गावात अजून त्यांना नरिकुरवरच म्हणतात. मी मात्र तू शिकवल्यापासून त्यांच्याच शब्दात वागरी म्हणतो, चुकलो तर त्यांच्यातली पवळम लगेच डोळे वटारते. आपली पवळम काय, तिला कुणालाही डोळे वटारायला कारण लागत नाही. गळ्यात स्वतः ओवलेल्या पाच माळा घालून आली होती आणि बसमध्ये कंडक्टरशी भांडून झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी तू त्यांच्या हाती हे काम दिलंस तेव्हा मला हसू आलं होतं, हे तुला ठाऊक आहे. मणी विकणाऱ्या बायका संशोधन करणार. पण त्यांनी केलं. घरोघर बसून एकच प्रश्न विचारला, मुलानं शाळा सोडली त्याच्या आदल्या दिवशी ते घरी येऊन काय बोललं होतं. आपण सगळे समजत होतो की आईबाप मणी विकायला जत्रांना घेऊन जातात म्हणून मुलं गळतात. निघालं भलतंच. मुलं जत्रेहून परत येत होती, शाळेच्या दारापर्यंत येत होती. तिथं त्यांना पुन्हा खालच्या वर्गात बसवत होते, तोच धडा तिसऱ्यांदा, लहान पोरांच्या रांगेत. मग ती घरी बसत होती. आयांचं मागणं साधं होतं. मूल परत आलं की जिथं सोडलं तिथून पुढं शिकवा, पहिली दोन वर्षं वर्गात आमच्यातली एक बाई ठेवा, आणि वेळांकण्णीच्या जत्रेला आम्ही सगळे जमतो तिथं एक मास्तर पाठवा. हे तू मला शंभरदा सांगितलं आहेस, मीही पाठ केलं आहे.

पवळमनं सुरुवात छान केली. मग वेळ कमी होता, तेव्हा थोडं मी सांगितलं. तमिळ पेपरात फोटो आला आहे, सोबत कात्रण ठेवतो. वसतिगृहाचीही काही चर्चा झाली म्हणे. बघू काय करतात.

मामीनं डांगराचं पीठ करून ठेवलं आहे, कुणी येणारं असलं तर पाठवते.

तुझा,
अनिरुद्धमामा


तंजावर
२७ मे २०२५

चि. विनुता,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तू माझ्यासारखी फापटपसारा लिहीत नाहीस, चार ओळींत गळ्याशी येतेस. "चर्चा झाली म्हणे म्हणजे काय, मामा? तुम्ही तिथं होतात ना?"

होतो.

आता आदेश निघाला आहे, तो तुला कळलाच. सहा वर्षांवरची वस्तीतली सगळी मुलं जूनपासून वसतिगृहात. ते इथून बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. जेवण, कपडे, पुस्तकं, सगळं सरकारचं. जत्रांच्या दिवसांत मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून, असं कारण दिलं आहे. म्हणजे बायकांनी तीन वर्षं हिंडून जे खोटं ठरवलं तेच कारण.

झालं असं. पवळम बोलायला उभी राहिली. तिची बोलायची रीत तुला माहीत आहे. आधी कुणाचं घर, मग त्या घरात कोण कोण, मग मूल, मग त्या दिवशी काय शिजलं होतं, मग मूल काय बोललं. अध्यक्षबाई घड्याळाकडे बघू लागल्या. मला वाटलं, हातची संधी जाते. म्हणून मी उठलो आणि माईक घेतला. सगळं थोडक्यात, चांगल्या तमिळमध्ये मांडलं. सुरुवातीला पार्श्वभूमी म्हणून एवढंच म्हणालो की ही मुलं वर्षातले चार महिने शाळेबाहेर असतात. त्यांनी तेवढंच धरलं. अधिकारी माणसं, त्यांना जे ऐकायचं असतं ते ऐकतात.

तू म्हणशील, मामा, मी तुम्हाला काय सांगून गेले होते. सांगून गेली होतीस. मला आठवतं, तुझी बस सुटत होती आणि तू खिडकीतून पुन्हा सांगत होतीस, बायकांनाच बोलू द्या. पण विनुता, पस्तीस वर्षं मी शाळेत बोललो. सवय असते.

परवा वस्तीत गेलो. मला बसायला खुर्ची दिली. आधी चटई असायची. चहा दिला. पवळमनं मामीच्या गुडघ्याची चौकशी केली. कुणी भांडलं नाही. मी मनाशी म्हणालो, बाहेर ऊन फार आहे, म्हणून सगळे गप्प असतील. मामीला घरी येऊन हेच सांगितलं तर ती म्हणाली, "ऊन तुम्ही जाऊन पोचलां मेणून पडलं कां तिथं?"

तंगमची झोपडी बंद होती. तंगम म्हणजे साईप्रियाची आई, तुला साईप्रिया आठवत असेल. दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत रस्त्यानं चालायची, आणि चुकीची पाटी दिसली की दुकानदाराला आत जाऊन सांगायची. तंगम तिला घेऊन गेली. आणखीही काही घरं बंद आहेत. मुलं वसतिगृहात नेतील या भीतीनं शाळा उघडायच्या आधीच निघून गेली ती. जे मूल जत्रेहून परत येऊन शाळेत बसावं म्हणून हे सगळं केलं, त्याला घेऊन लोक शाळेपासून पळताहेत.

तू विचारलंस, "पवळम मला फोनवर काहीच का सांगत नाही?" मलाही ठाऊक नाही.

तू इकडे ये असं मी म्हणत नाही. तुझ्या कॉलेजाचे दिवस आहेत. पण काय करावं ते लिही.

मामा


तंजावर
२२ जून २०२५

विनुता,

या वेळी आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तो पत्र वाचून झाल्यावर तुला हवा असला तर घे.

गेल्या पत्रात मी लिहिलं की पवळम तुला काही का सांगत नाही ते मला ठाऊक नाही. ठाऊक होतं. मी वस्तीतून निघालो तेव्हा ती माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली होती. म्हणाली, "सर, विनुताक्का रोज फोन करते. मी सांगत नाही. तुमची गोष्ट आहे, तुम्हीच सांगा." मी हो म्हणालो, आणि तुला ते पत्र लिहिलं. फोनवर बोललो असतो तर तू "मामा, थांबा" म्हणाली असतीस, आणि मला थांबायला निमित्तच हवं होतं.

तर सांगतो.

अध्यक्षबाई घड्याळाकडे बघत नव्हत्या. कुणीच बघत नव्हतं. पवळम तंगमच्या घरची गोष्ट सांगत होती. साईप्रिया तिसरीतून परत दुसरीत बसली त्या दिवशी घरी येऊन तिनं वही चुलीजवळ ठेवली आणि आईला म्हणाली, पेटवायला घे, यातलं मला सगळं येतं. पवळमनं एवढंच सांगितलं. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. गुरुराज पुढं वाकून ऐकत होता. पंखा तेवढा आवाज करत होता. बाई फार सुरेख बोलत होती, विनुता. मला तेच सोसलं नाही.

हे लिहिताना लाज वाटते, पण आता लिहायला बसलोच आहे. पस्तीस वर्षं मी सभा गाजवल्या. माझ्यासाठी कुणी पेन खाली ठेवलेलं मला आठवत नाही. माझाच विद्यार्थी तिथं बसला होता आणि त्यानं माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मी उठलो, "अम्मा, मी थोडक्यात सांगतो" म्हणालो आणि तिच्या हातातून माईक घेतला. तिनं दिला.

तिनं का दिला हे तुला मी सांगायला नको. त्यांच्या पंचायतीत तूच मला बसवलं होतंस. उभ्या माणसाला तिथं कुणी मध्ये तोडत नाही. शिव्या देत असला तरी त्याचं संपेपर्यंत ऐकतात, मग आपली पाळी आली की उठतात. पवळम माझं संपायची वाट बघत माझ्या शेजारी उभी राहिली. मला ती रीत माहीत होती. त्या रीतीच्या जोरावरच मी बोलत राहिलो.

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "तर यावर उपाय काय?"

उपाय बायकांनी पाठ करून आणले होते. मलाही येत होते. पण माझ्या तोंडून निघालं, वसतिगृह. तो शब्द समितीचा नव्हता, माझा होता.

कुठून आला, तेही सांगतो. आप्पा मला लहानपणी ओरत्तनाडूच्या छत्रात, आपल्या मराठा राजांच्या जुन्या धर्मशाळेत, घेऊन जायचे. मुक्तांबाळ छत्राच्या ओसरीवर उभं करून सांगायचे, इथं मुलं जेवायची, इथं निजायची, इथं शिकायची, कुणाची कोण, आपल्या लोकांनी त्यांना पानावर वाढलं. आपल्या घरात देवानंतर छत्राचंच नाव घेतलं जायचं. मला वाटायचं, मोठं होऊन आपणही असं काही करावं. त्या सभेत मला तेच दिसलं, रांगेत बसलेली मुलं आणि वाढणारा मी. त्या मुलांना आया आहेत, आणि त्या आया माझ्या पाठीमागं बाकांवर बसल्या आहेत, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. अध्यक्षबाईंचा चेहरा खुलला. इमारत बांधणं सरकारला सोपं वाटतं. मीही खुललो.

इथंही थांबलं असतं तर दुरुस्त झालं असतं. पण गुरुराज हुशार निघाला. त्यानं कागदातून डोकं वर काढलं आणि विचारलं, "सर, आयांचंही हेच म्हणणं आहे का?"

मी म्हणालो, "आमां." हो.

पवळम माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तमिळ तिला माझ्याइतकंच येतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. गुरुराजनं लिहून घेतलं, अध्यक्षबाईंनी आभार मानले, पुढच्या गावची माणसं आत आली, आणि तिची पाळी आलीच नाही. परतीच्या बसमध्ये ती कंडक्टरशीही भांडली नाही.

तू त्या बायकांना शब्द दिला होतास की त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावावर काहीही बाहेर जाणार नाही. त्या शब्दावर त्यांनी दारं उघडली होती. मी तो मोडला, आणि मोडून पेपरातलं कात्रण तुला पाठवलं. ते कात्रण फाडून टाक.

पुढचं ऐक. दुसरं पत्र टाकून आलो त्या संध्याकाळी तुझी मामी माझ्यासमोर कापीचा पेला ठेवून बसली. म्हणाली, "विनुताला काय लिव्हलं ते मला वाचून दाखवा." मला वाचवेना. तेव्हा तिनं सरळ विचारलं आणि मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "उद्यां वस्तींत जायाचं. मीही येतें." त्या गुडघ्यानं आली.

वस्तीनं पंचायत बसवली. सकाळपासून दुपारपर्यंत एकेक उठून बोललं. माझ्यावर कुणी ओरडलं नाही, प्रत्येकानं आपल्या मुलाचं सांगितलं, आणि मूल कुठं आहे ते. शेवटी मला उभं केलं. मी जे तुला वर लिहिलं तेच बोललो, थोडक्यात नाही. त्यांनी ठरवलं की समितीपुढं पुन्हा जायचं, आणि मी येऊन फक्त माझी गोष्ट सांगायची.

गुरुराजला फोन मी केला. त्याच्याकडून वेळ मिळवणं मात्र पवळमनं केलं. तीन दिवस त्याच्या कचेरीत जाऊन बसली, मणी ओवत. सभेत मी उभा राहून म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही आयांचं म्हणणं विचारलंत आणि मी हो म्हणालो. ते खोटं होतं. वसतिगृह माझ्या डोक्यातलं होतं, मी कुणालाही विचारलं नव्हतं." गुरुराजनं माझ्याकडे पाहिलं. शाळेत मी त्याच्याकडे पाहायचो तसं नव्हे. त्याच्या नजरेत कीव होती. मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो. आत काय झालं ते मला बायकांकडून कळलं. पवळमनं चुलीजवळच्या वहीपासून पुन्हा सुरू केलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या बोलल्या.

या वस्तीपुरता तो आदेश मागं घेतला आहे. परत आलेल्या मुलाला त्याच्याच वर्गात बसवायचं, हे मान्य झालं. वर्गात वस्तीतली बाई ठेवायचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात. वेळांकण्णीच्या मास्तराबद्दल कुणी काही बोललं नाही. पवळम म्हणते, तीन गोष्टी मागितल्या होत्या, एक मिळाली, ती पुन्हा जाईल. तिच्या आवाजावरून मला वाटतं त्या कचेरीचं काही खरं नाही.

हे सगळं वाचून तुला वाटेल की बरं झालं, निस्तरलं. मलाही वाटलं होतं. म्हणून तंगमला सांगायला परवा मी स्वतः वेळांकण्णीला गेलो.

समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिनं कापड अंथरलं होतं. साईप्रिया शेजारी बसून माळा ओवत होती. शेजारच्या दुकानाची पाटी डोक्यावरच होती, तिनं वर पाहिलं नाही. मी तंगमला सगळं सांगितलं. आदेश मागं घेतला, शाळा उघडली, मुलीची जागा तिसरीतच आहे, कुणी कुठं नेणार नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही हातानं थांबवलं.

मग म्हणाली, "झालं का सर?"

"झालं."

"पवळमनंही फोनवर हेच सांगितलं. पवळम खोटं बोलत नाही. पण सर, तिला साहेबांनी सांगितलं. तुम्ही एकटे उठून हो म्हणालात तर त्यांनी आमची पोरं उचलायचं ठरवलं. उद्या तुमच्यासारखं आणखी कुणी उठलं, आणि साहेब पुन्हा हो समजले, तर? तेव्हा पोरगी शाळेत असेल. तिथूनच गाडीत बसवतील. मी इथं असेन."

मी म्हणालो, "असं होणार नाही."

ती म्हणाली, "हे तुम्ही सांगताय."

रागानं म्हणाली नाही. कापडावरची वाळू झटकली आणि थांबवलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिचं म्हणणं बरोबर आहे. निघताना साईप्रियाला विचारलं, वाचतेस का गं काही? तिनं आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि पुढचा मणी ओवला.

तिसरीतली तिची जागा रिकामी आहे. बाकीची बरीचशी मुलं आली, ती नाही आली. पवळम म्हणते, वेळ लागेल. किती ते ती सांगत नाही.

तुला जे वाटेल ते मला लिही किंवा लिहू नकोस. पण सुट्टी मिळाली की एकदा वेळांकण्णीला जाऊन तंगमजवळ बस. माझ्या वतीनं काही बोलू नकोस आणि मी पस्तावलो आहे हेही सांगू नकोस. त्याचा तिला काही उपयोग नाही. मी बरोबर येणार नाही. मी असलो तर ती तुझ्यावरही विश्वास ठेवणार नाही.

तिला न विचारता तिच्या वतीनं हो म्हणालेला,
तुझा मामा
अनिरुद्धराव